कल्पना चावलांचा शेवट चौथी-पाचवीच्या मुलांना सांगायचा की नाही?

बाई_गुहागर
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चौथी-पाचवी एकाच वर्गात बसतात. मागच्या वर्षी शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले तेव्हापासून पोरांना रॉकेटशिवाय दुसरं काही सुचत नाही. परवा एका मुलीने भिंतीवरच्या थोर स्त्रियांच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं, बाई, या कल्पना चावला आता कुठे राहतात? तक्त्यावर फक्त जन्म आणि "भारतात जन्मलेली पहिली महिला अंतराळवीर" एवढंच आहे. मी सांगितलं की १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परत येताना त्या आणि त्यांच्याबरोबरचे सहा जण गेले. मग अर्थातच, कसे गेले? कुणाची चूक? त्यांना कळलं होतं का? मी जमेल तेवढं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत हजर, पोर रात्री दचकून उठली, असलं कशाला सांगता म्हणून.

माझं मत पक्कं आहे की सांगायला हवं. पण कितपत आणि कसं, ते तुम्हाला विचारतेय. तुमच्यातले बरेच जण तेव्हा लहान असणार, तुम्हाला कोणी सांगितलं, कसं सांगितलं?

चाकरमानी_८१
लहान नव्हतो, चिपळूणला कॉलेजात होतो. शनिवार होता. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले, यान उतरायला अजून सोळा मिनिटं बाकी होती. मेसच्या टीव्हीवर निळं आभाळ आणि त्यात एकाच्या तीन, तीनाच्या पाच होत जाणाऱ्या पांढऱ्या रेघा, तेवढंच परत परत दाखवत होते. आम्ही पोरं ताटं हातात धरून उभीच. मेसवाल्या काकी कधी टीव्हीकडे बघायच्या नाहीत, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अजून सापडतील ना रे?" कोणीच उत्तर दिलं नाही. रात्री उशिरा अमेरिकेच्या अध्यक्षांनी सांगितलं की कोणी वाचलं नाही, तोपर्यंत आम्हीही तेच धरून बसलो होतो.

रापणकर
आमच्याकडे मालवणात त्या रात्री एका वाडीत जत्रा होती. दशावताराची मंडळी रंगायला बसलेली. कोणीतरी नाक्यावरून बातमी घेऊन आला. कंपनीच्या मालकांनी देवळाच्या मानकऱ्यांना विचारलं आणि आडदशावतार सुरू व्हायच्या आधी माईकवर सांगितलं, "कल्पना चावला गेली, सगळ्यांनी दोन मिनटा उभे ऱ्हवा." स्त्री पार्टी करणारा नट अर्धाच रंगला होता, एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरा, तो तसाच बाहेर येऊन पेटीवाल्याच्या बाजूला हात जोडून उभा राहिला. खाजेवाला, खेळणीवाला, सगळी जत्रा गप्प. माझी आजी म्हणाली, "आपलां चेडू गेलां गो," म्हणजे आपली पोर गेली गं. आजीला कल्पनाचं गाव करनाल कुठे ते माहीत नव्हतं, नासा म्हणजे काय तेही नाही. पण रडली. मी तेव्हा सहावीत होतो आणि बाई, मला त्या रात्री भीती नाही वाटली, एवढी माणसं एकत्र उभी होती म्हणून असेल.

आई_कुडाळची
सगळ्यांच्या आठवणी वाचल्या, वाईट वाटलंच. पण बाई, मी त्या पालकाच्या बाजूची आहे. नऊ-दहा वर्षांचं पोर. त्याला "पंखाला भोक पडलं, आत आग शिरली" हे कशासाठी? माझ्या मुलाने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि आम्ही विमानाने जाणार म्हटल्यावर रडून गोंधळ घातला. सहावी-सातवीत सांगा की. मुलांना आधी आभाळ आवडू दे, मग त्यातले धोके.

देवगड_हापूस
ताई, मोबाईलवर बघितलं म्हणूनच ना? बाईंनी सांगितलं नाही तर मोबाईल सांगणारच आहे, तोही भलतंसलतं, भयाण संगीत लावून.

सुपारीबाग
मी श्रीवर्धनचा, वय झालंय. माझ्याकडे दर १ फेब्रुवारीला एक मेसेज येतो की नासाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे सातही जण मरणार, पण मुद्दाम सांगितलं नाही, आनंदात राहू दे म्हणून. हे खरं असेल तर मुलांना काय सांगणार? माणसं इतकी निष्ठुर असतात हे?

लोटेवाला
काका, तो मेसेज जसाच्या तसा खरा नाही, पण जे खरं आहे त्यानेही जीव तुटतो. मी एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये ही केस होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं. साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलो. हा फोम हातात घेतला तर आपल्या गणपतीच्या मखराच्या थर्माकोलसारखा, म्हणून बऱ्याच जणांना पटतच नव्हतं की त्याने काही होईल. पण सुटलेला तुकडा हवेत एकदम मंदावतो आणि यान मागून सुसाट येत असतं, त्यामुळे तो ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळला. नंतर जुलै २००३ मध्ये चौकशी मंडळाने टेक्सासमध्ये तसाच फोमचा तुकडा तसल्याच पंखाच्या भागावर मारून बघितला, तर जवळजवळ ४० सेंटीमीटरचं भगदाड पडलं.

दुसऱ्याच दिवशी फिल्म बघताना ही धडक दिसली होती. इंजिनिअर लोकांनी मागणी केली की लष्कराच्या दुर्बिणी नाहीतर उपग्रह वापरून पंखाचे फोटो घ्या. एकदा नाही, तीनदा. वरच्या लोकांनी ती पुढे जाऊच दिली नाही. कारण? फोम दरवेळी पडतो, काही होत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिसच्या उड्डाणात त्याच जागचा फोम पडून बाजूच्या बूस्टर रॉकेटला लागला होता, तरी पुढची उड्डाणं चालूच ठेवली. कोलंबियातल्या लोकांना २३ जानेवारीला ईमेलने कळवलं की असं असं आदळलंय, पण काळजीचं कारण नाही.

तेव्हा काका, कोणाला "माहीत होतं" असं नाही. माहीत करून घ्यायचं नाकारलं. माझ्या लेखी हे जास्त वाईट आहे. आमच्याकडेही व्हॉल्व्हमधून बारीक गळती दिसली की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, "अहो तो नेहमीच गळतो." ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी सही करत नाही, भांडण झालं तरी करत नाही.

पेणकर
पण फोटो काढून भोक दिसलं असतं तरी काय करणार होते? वर गॅरेज थोडंच आहे? मग न कळलेलंच बरं नाही का, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

लोटेवाला
नाही पटत. चौकशी मंडळाने हाच प्रश्न नासाला घातला होता. अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होतच होतं. कोलंबियात कार्बन डायऑक्साइड शोषायचे डबे काटकसरीने १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते आणि रात्रंदिवस काम केलं असतं तर अटलांटिस १० फेब्रुवारीच्या सुमारास उडू शकलं असतं. जोखीम प्रचंड, पण वाट होती. आणि समजा नसती, तरी सात जिवंत माणसांना आपल्या यानाबद्दल खरं कळायचा हक्क होता. घरच्यांशी बोलले असते.

पेणकर
हे माहीत नव्हतं. पटलं.

तारांगण
लोटेवाल्यांनी छान लिहिलंय. पुढचं थोडं मी सांगतो, कारण मुलं "आग कुठून आली" हेच आधी विचारतात. वर असताना त्या भोकाने काहीच बिघडत नाही, तिथे हवाच नाही. परत येताना मात्र यान आवाजाच्या वीसपट नि त्याहून जास्त वेगाने वातावरणात शिरतं, पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की पंखाची कड १,६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. ती कड त्यासाठीच कार्बनची केलेली असते, आतला सांगाडा मात्र ॲल्युमिनियमचा, जो साडेसहाशेच्या आसपासच वितळतो. त्या भोकातून गरम वायू आत गेला आणि पंख आतून जळत गेला. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात आधी डाव्या पंखातले तापमानाचे सेन्सर एकेक करून बंद पडलेले दिसले, मग डाव्या चाकांच्या हवेचा दाब दिसेनासा झाला. कमांडर रिक हजबंड उत्तर देत होते, वाक्य अर्धंच राहिलं. यान तेव्हा ६० किलोमीटर उंचीवर होतं.

एक मनापासून म्हणणं आहे. आपल्याकडे तेव्हा आणि आत्ताही फक्त कल्पना चावला. बाकीचे सहा कोण? रिक हजबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इलान रॅमन. तक्त्यावर एकीचं नाव असलं तरी वर्गात सातही नावं घ्या.

रापणकर
आपल्या माणसासाठी जास्त रडू येणारच हो. त्यात चूक काय?

तारांगण
चूक काहीच नाही रापणकर, तुमच्या आजींचं रडणं मला फार जवळचं वाटलं. मी एवढंच म्हणतोय की बाकीच्यांच्या घरीही आज्या होत्या. इलान रॅमन इस्रायलचे पहिले अंतराळवीर. त्यांनी वर जाताना पेट्र गिंझ नावाच्या एका मुलाच्या चित्राची प्रत नेली होती. हिटलरच्या छावणीत कोंडलेल्या त्या मुलाने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल ते पेन्सिलने काढलं होतं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी, कधीही न बघितलेलं दृश्य. १९४४ मध्ये त्याला ऑशविट्झला मारलं.

आई_कुडाळची
हे चित्राचं वाचून मी अर्धा तास तशीच बसले होते. हे मात्र मुलांना सांगा बाई.

हर्णैकरीण
मी कोळ्याच्या घरातली. कुडाळच्या ताईंना दुखवायचं नाही पण आमच्या पोरांपासून मरण लपवायची सोय कुठे आहे? ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बोटी बाहेर होत्या. बंदरावर बायका रात्रभर उभ्या, पोरं कडेवर. आमच्या आळीतल्या एका घरातला माणूस आलाच नाही. त्या घरातल्या मुलाला सगळे सांगत राहिले, बाबा मुंबईला कामाला गेलेत, येतील. तो रोज शाळा सुटली की जेटीवर जाऊन बसायचा. मोठा झाल्यावर तो वारं-पाण्यावर नाही चिडला, आमच्यावर चिडला. तुम्ही सगळे खोटं बोललात म्हणाला. त्यानंतर माझं मन पक्कं झालं की पोराला खरं सांगायचं, जवळ घेऊन सांगायचं, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जायचं नाही, त्याच्यापाशी बसायचं.

दुसरं म्हणजे, कोलंबियाचं सगळ्यांचं सापडलं का काही? आमच्यात माणूस मिळाला नाही की दिवस घालताना हात थरथरतात, म्हणून विचारलं.

तारांगण
सापडलं ताई. सातही जणांचे अवशेष मिळाले. टेक्सास आणि लुईझियानाच्या जंगलांत २५,००० पेक्षा जास्त माणसं शोधायला गेली होती, हाताच्या अंतरावर रांग करून, काट्याकुट्यांतून, चिखलातून. यानाचे ८४,००० च्या आसपास तुकडे मिळाले, तरी वजनाने जेमतेम ३८ टक्के. शोध चालू असताना मार्चमध्ये एक हेलिकॉप्टर पडून त्यातले दोघे गेले, त्यांचंही स्मरण तिकडे करतात. हेम्फिल म्हणून एक छोटंसं गाव आहे, तिथल्या बायका शोधणाऱ्यांसाठी दिवसचे दिवस रांधत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, घराघरातून डबे यायला लागले.

हर्णैकरीण
बरं झालं सांगितलंत. फयानच्या वेळी आमच्याकडेही चुली बंद नव्हत्या, ज्यांच्या घरचे परत आले त्यांनी बाकीच्यांचं जेवण बघितलं. देव त्या बायकांचं भलं करो.

सुपारीबाग
हर्णैकरीण, तुमचं वाचून आमच्या वडिलांची आठवण झाली. ते रामदास बोटीचं सांगायचे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं बुडाली. वडील ती गोष्ट आम्हाला लहानपणीच सांगायचे, पावसात रात्री, आणि शेवटी न चुकता म्हणायचे की बोटीत पुरेशी लाइफ जॅकेट नव्हती. समुद्राला दोष नाही दिला कधी. आज लोटेवाल्यांचं वाचताना कळलं की ते आम्हाला काय शिकवत होते.

देवगड_हापूस
विषय निघालाच आहे तर, आमच्या विजयदुर्गावर या सगळ्या पोरांना न्या. हेलियमचा शोध तिथेच लागला, ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे ओटे आहेत अजून. कोकण आणि आभाळाचं नातं जुनं आहे!

तारांगण
हापूसदादा, इथे मी आडवा येणार :) १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्यप्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ टिपली ती फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने, गुंटूरला. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच बघितली. लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तेही काही कमी नाही, तेवढं सांगितलं तरी पोरांची छाती फुगेल.

देवगड_हापूस
गावात जाऊन असं बोलू नका, आंबे मिळायचे नाहीत. पण १८९८ ची नोंद करून ठेवतो.

चाकरमानी_८१
धागा विजयदुर्गावरून परत गुहागरला आणतो. मुलांना शेवट सांगताना त्यानंतरचंही सांगा. आपला हवामानाचा मेटसॅट उपग्रह सप्टेंबर २००२ मध्ये सुटला होता, अपघातानंतर चारच दिवसांत, ५ फेब्रुवारीला वाजपेयींनी त्याला कल्पना-१ नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं हवामान खातं ढगांच्या चित्रांसाठी तो वापरत होतं. हर्णैकरीण ताई, वादळाचे इशारे द्यायला जी चित्रं बघायचे, त्यांतली बरीच तिच्या नावाच्या उपग्रहाने काढलेली.

आणि यानात शाळकरी मुलांचे प्रयोगही होते, चीनच्या मुलांचे रेशीमकिडे, ऑस्ट्रेलियाच्या मुलांचे कोळी. शास्त्रज्ञांच्या एका प्रयोगातले मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी तर अवशेषांतल्या डब्यांत काही आठवड्यांनी जिवंत सापडले. हे ऐकून माझ्या पुतणीने टाळ्या वाजवल्या होत्या.

आई_कुडाळची
मी अजूनही म्हणेन की चौथी लहान आहे आणि "आतून जळत गेला" हे त्या वयात नको. पण हर्णैच्या ताईंनी त्या मुलाचं सांगितलं ते मनातून जात नाही. माझ्या मुलाने उद्या विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं ठरवलं.

लोटेवाला
ताई, तेवढं वाक्य गाळलं तरी चालेल की. माझं म्हणणं, मुलांना ज्वाळा नका दाखवू, तो फोटो मागणारा इंजिनिअर दाखवा. मुलं विचारतील, त्याने चौथ्यांदा का नाही मागितला? वर्गात तासभर त्याच्यावर बोलू दे. गगनयानाच्या २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत ५ सेकंद बाकी असताना संगणकाने उड्डाण थांबवलं होतं, सगळा देश बघत होता, तरी थांबले, कारण शोधलं आणि मग दहा वाजता उडवलं. शुक्लांचं उड्डाणही ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून ११ जूनवरून पुढे गेलं, शेवटी २५ जून २०२५ ला गेले आणि सुखरूप आले. लोक तेव्हा वैतागले होते, सारखं काय पुढे ढकलतात म्हणून. मी मात्र प्रत्येक पुढे ढकलण्याला देवापुढे साखर ठेवत होतो.

बाई_गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मी त्या पालकांच्या घरी गेले होते. मुलीची आई म्हणाली, घाबरली ती मरणाला नाही, "त्यांनी सांगूनसुद्धा कोणी ऐकलं नाही" याला घाबरली. रात्री उठून आईला विचारत होती, मी सांगितलं तर तू ऐकशील ना? मला काही बोलताच येईना.

तेव्हा असं करणार आहे: सातही नावं आणि सात चेहरे फळ्यावर. पेट्रचं चित्र. ज्वाळांचं वर्णन नाही, कुडाळच्या ताई, तुमचं ते ऐकलं. फोमची गोष्ट थर्माकोलचा तुकडा हातात देऊन. आणि वर्गाच्या दारापाशी एक पेटी लावतेय, शाळेत काही मोडकं, धोक्याचं, चुकीचं दिसलं तर चिठ्ठी टाकायची, मी दर शनिवारी सगळ्यांसमोर वाचणार आणि काय केलं ते सांगणार.

लोटेवाले दादा, एखाद्या शनिवारी सकाळी येऊ शकाल का?

लोटेवाला
येतो बाई. तारीख कळवा, सुट्टी टाकतो. पण पेटीतल्या चिठ्ठ्यांवर खरंच काम झालं पाहिजे हां, नाहीतर पोरं दुसऱ्या महिन्यात टाकायची बंद होतात. आमच्याकडे तेच झालं होतं.

बाई_गुहागर
पहिली चिठ्ठी आलीसुद्धा, पेटी लावायच्या आधीच हातात दिली. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून अडकते. सुतार उद्या येतोय.